पन्नास तासांची तारीख

लॉस एंजेलिसमध्ये ३१ जानेवारीच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटं होतात, तेव्हा साताऱ्यात १ फेब्रुवारी उजाडून दुपारचा १ वाजून २९ मिनिटं झालेली असतात. आता समजा, साताऱ्यातल्या चार सिनेमावेड्या मित्रांनी शेतीवरच्या लघुपटांचा महोत्सव भरवायचं ठरवलं आणि इंटरनेटवर जाहीर केलं, 'प्रवेशिका पाठवण्याची शेवटची तारीख ३१ जानेवारी.' कुणाची ३१ जानेवारी? पृथ्वीवर कोणतीही तारीख २४ तासांत संपत नाही, ती ५० तास नांदते. पॅसिफिक महासागरात किरिबाटी देशाची काही बेटं आहेत, तिथं ती सगळ्यांच्या आधी उगवते. साताऱ्याच्या घड्याळात तेव्हा ३० जानेवारीच्या दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. त्याच महासागरातल्या बेकर आणि हाउलंड या निर्मनुष्य बेटांच्या हिशेबानं ती सगळ्यांत शेवटी मावळते, तेव्हा साताऱ्यात १ फेब्रुवारीची संध्याकाळ असते, साडेपाचची. आपल्या पंचांगातला वार तर मध्यरात्रीला बदलतच नाही, तो सूर्योदयाला बदलतो.

'शेवटची तारीख' या दोन शब्दांच्या पोटात अख्खी पृथ्वी फिरत असते हे ज्या दिवशी लक्षात आलं, त्या दिवसापासून मी चित्रपट महोत्सवांच्या ऑनलाइन नोंदी वाचायला लागले. फिल्मफ्रीवे, फेस्टहोम, शॉर्टफिल्मडेपो अशा ठिकाणी प्रत्येक महोत्सवाचं एक पान असतं. ओळख, विभाग, नियम, फी, तारखा, बक्षिसं, जागा आणि चार फोटो. वरवर पाहिलं तर लग्नपत्रिकेपेक्षा फार वेगळं काही नाही. पण लग्नपत्रिका ओळखीच्यांना जाते. हे पान वाचून कोलंबियातल्या बोगोटामधली एखादी मुलगी ठरवते की आपली अकरा मिनिटांची फिल्म साताऱ्याला पाठवायची. तिनं सातारा नकाशावरही पाहिलेला नसतो. त्या पानावरचा एकेक शब्द तिच्यासाठी दार उघडतो किंवा लावून घेतो, आणि लावून घेतलेलं दार लिहिणाऱ्याला कधी दिसत नाही.

हे दार पूर्वी इतकं उघडं नव्हतं. व्हेनिसचा महोत्सव १९३२ साली लिडो बेटावरच्या एका हॉटेलच्या गच्चीवर सुरू झाला. आपला 'संत तुकाराम' १९३७ मध्ये तिथं पोचला आणि वाखाणला गेला, पण दिग्दर्शक दामले-फत्तेलालांच्या पाठीशी प्रभातसारखी भक्कम कंपनी उभी होती. कान महोत्सवात तर कोणता चित्रपट पाठवायचा हे त्या त्या देशानं ठरवायचं असा रिवाज होता. तो मोडला १९७२ मध्ये. तोवर एकट्यादुकट्या माणसाला महोत्सवापर्यंत जायची वाट आधी स्वतःच्या देशाच्या कचेरीतून काढावी लागे. पुढे व्हिडिओ कॅसेटचा जमाना आला आणि फिल्म टपालानं निघाली, तरी ती सरळ पोचायची नाही. आपलं दूरदर्शन पाल पद्धतीचं, अमेरिकेतलं एनटीएससी पद्धतीचं. इथली कॅसेट तिथल्या यंत्रात घातली की चित्र धड दिसायचं नाही. म्हणून आधी रूपांतर करून घ्यायचं, मग कुरिअर, मग कस्टम्सचा कागद, आणि मग नुसती वाट पाहायची. दहा महोत्सव म्हणजे दहा कॅसेट आणि दहा निरनिराळे फॉर्म.

२००० साली विदाउटअबॉक्स नावाची अमेरिकी सेवा सुरू झाली. फॉर्म एकदाच भरायचा आणि हव्या तितक्या महोत्सवांना पाठवायचा. आज आपल्याला यात काय विशेष असं वाटेल, पण तेव्हा ही गोष्ट इतकी नवी होती की तिचं पेटंट घेतलं गेलं. २००८ मध्ये ॲमेझॉनच्या मालकीच्या आयएमडीबीनं ती सेवा विकत घेतली, २०१४ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरहून फिल्मफ्रीवे आली, आणि २०१९ मध्ये विदाउटअबॉक्सनं कायमचं दुकान आवरलं. १९७२ पूर्वी ज्या निवडीसाठी देशाचा शिक्का लागायचा, तिथं आता एक बटण आहे. मधले सगळे मध्यस्थ गेले आणि त्यांची समजावून सांगण्याची जबाबदारी एका पानावर येऊन पडली.

तर साताऱ्याचं पान भरायला घेऊ. पहिलाच शब्द, लघुपट. किती लघु? ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या मते ४० मिनिटांपर्यंत, श्रेयनामावलीसकट. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाच्या मते ५० मिनिटांच्या आत. फ्रान्समधलं क्लेरमाँ-फेराँ ही लघुपटवाल्यांची पंढरी, तिथं जवळजवळ तासाभराची फिल्मही लघुपट म्हणून चालते. आणि कानच्या लघुपट स्पर्धेत मर्यादा १५ मिनिटांची. म्हणजे ३८ मिनिटांची एकच फिल्म तीन दारांत लघुपट आहे आणि चौथ्या दारात तिला आत घ्यायला जागाच नाही.

बरं, ही मिनिटंही वाटतात तितकी पक्की नसतात. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पाल पद्धतीचं टेलिव्हिजन २५ चौकटींनी. २४ नं चित्रित केलेली ४१ मिनिटांची फिल्म २५ च्या गतीनं चालवली, तर ती ३९ मिनिटं २२ सेकंदांत संपते. एक चौकट कापलेली नाही, एक संवाद गाळलेला नाही, तरी फिल्म ४० च्या रेषेपलीकडून अलीकडे आली! युरोपात वर्षानुवर्षं टीव्हीवर चित्रपट असेच जरासे घाईनं धावले आणि फारसं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग साताऱ्यानं कोणता आकडा लिहावा? दुसऱ्या महोत्सवाच्या पानावरून उचललेला तर मुळीच नाही. आकडा आपल्या सभागृहातून यायला हवा. संध्याकाळी सात ते नऊ एवढाच वेळ मिळणार असेल आणि त्यात निदान सहा फिल्म दाखवायच्या असतील, तर मधल्या गप्पा आणि प्रश्नोत्तरं धरून एकेका फिल्मला १५ मिनिटांपलीकडे देता येत नाही. तेच कारणासकट लिहावं. कारण कळलं की १६ मिनिटांची फिल्म केलेला माणूस पत्र पाठवून विचारतो. नुसता आकडा दिसला की तो निमूटपणे पान बंद करतो.

आता सगळ्यांत नाजूक शब्द, प्रीमियर. चित्रपट जगात कुठंही पहिल्यांदा लोकांसमोर आला की तो वर्ल्ड प्रीमियर. मायदेशाबाहेर पहिल्यांदा दाखवला की इंटरनॅशनल प्रीमियर. मग खंडातला पहिला खेळ, देशातला पहिला, शहरातला पहिला. जुन्या घरात मडक्यांची उतरंड रचलेली असायची, तशी ही रचना आहे, फक्त इथं एकदा खाली घेतलेलं मडकं पुन्हा वर चढवता येत नाही. मोठे महोत्सव स्पर्धेतल्या चित्रपटांकडून साधारणपणे वरचीच मडकी मागतात. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ मध्ये पहिल्यांदा व्हेनिसला दाखवला गेला आणि ओरिझोंती विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' २०२५ च्या जानेवारीत सनडान्सच्या पडद्यावर पहिल्यांदा उमटला आणि जागतिक कथाचित्रपट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन परतला. दोन्ही मराठी चित्रपटांनी तोवर वरचं मडकं हलवलेलं नव्हतं.

म्हणून यंदाच सुरू होणारा एखादा महोत्सव 'वर्ल्ड प्रीमियर आवश्यक' असं लिहितो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. दोन वर्षं राबून, उसनवारी करून फिल्म केलेल्या मुलाकडून तो महोत्सव अशी गोष्ट मागत असतो, जी त्याच्याकडे एकच आहे, आणि तिच्या मोबदल्यात द्यायला महोत्सवाकडे अजून काही जमलेलं नसतं. साताऱ्याच्या पानावर 'प्रीमियरची अट नाही' ही तीन शब्दांची ओळ असली की जगभर फिरून आलेल्या, बक्षिसं मिळवून निवांत बसलेल्या कितीतरी फिल्म इकडे वळतील. साताऱ्यातल्या प्रेक्षकाला ती फिल्म आधी लिस्बनमध्ये दाखवली गेली होती की नव्हती यानं काय फरक पडतो? त्याच्यासाठी तो खेळ पहिलाच आहे. आधी यूट्यूबवर आलेली फिल्म चालेल का, हेही त्याच ओळीत सांगून टाकावं. तो प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो.

'विद्यार्थी' आणि 'प्रादेशिक' हे आणखी दोन फसवे शब्द. कानच्या ला सिनेफ विभागात विद्यार्थी म्हणजे चित्रपट शिकवणाऱ्या संस्थेचा विद्यार्थी. २०२४ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या चिदानंद नाईक यांना तिथं पहिलं पारितोषिक मिळालं. पण कृषी महाविद्यालयात शिकता शिकता मोबाइलवर फिल्म करणारी मुलगी विद्यार्थी आहे की नाही? शेतीच्या महोत्सवाला तर तीच हवी असणार. आणि 'प्रादेशिक चित्रपट' म्हटलं की आपल्याला मराठी, कानडी, आसामी डोळ्यांसमोर येतात, पण पोलंडमधल्या दिग्दर्शकानं काय समजायचं? त्याला वाटेल, आपल्या प्रदेशाचं नाव इथं दिसत नाही, म्हणजे आपल्याला बोलावणं नाही.

फीचा भाग बहुतेकांना कोरडा हिशेब वाटतो, मला मात्र तो पाटबंधारे खात्याच्या कामासारखा वाटतो. नोंदीत फी तीन-चार पायऱ्यांनी चढते. लवकर पाठवणाऱ्याला कमी, वेळेत पाठवणाऱ्याला थोडी जास्त, उशिरा येणाऱ्याला सगळ्यांत जास्त. हा दंड नव्हे, ही पाटाच्या पाण्याची पाळी आहे. साताऱ्याला ५०० फिल्म आल्या आणि सरासरी १५ मिनिटांच्या निघाल्या, तर पाहायला १२५ तास लागतात. रोज रात्री जेवणं उरकून दोन तास बसलं तरी दोन महिने, आणि तेही प्रत्येक फिल्म एकाच माणसानं एकदाच पाहिली तर. सगळ्या शेवटच्या रात्री येऊन थडकल्या तर पाहणाऱ्याचे डोळे वाहून जातील आणि शेवटची फिल्म पहिलीइतक्या ताज्या मनानं कुणी पाहणार नाही. सनडान्सला २०२५ साठी ११,१५३ लघुपट आले होते, त्यांतले ५७ निवडले गेले. तिथंही सरासरी १५ मिनिटांची धरली, तर एका माणसाला न झोपता, न उठता ११६ दिवस आणि रात्री बसावं लागेल. एवढा लोंढा पायरीपायरीनं सोडायची किमया त्या तीन-चार आकड्यांत असते.

पण याच आकड्यांमुळे काही दारं आपोआप लागतात. इराणमधल्या बँकांची कार्डं आर्थिक निर्बंधांमुळे परदेशी व्यवहारांना चालत नाहीत. ज्या देशात मुलांवर, पाण्यावर, रस्त्यावर इतके सुंदर लघुपट होत आले, तिथला तरुण फी भरूच शकत नाही, मग ती पाच डॉलर असो की पन्नास. यावर उपाय अगदी साधा आहे. फिल्मफ्रीवेवर महोत्सवाला फीमाफीचा कोड तयार करता येतो. 'फी भरणं शक्य नसेल तर आम्हाला लिहा' एवढी ओळ पानावर टाकायची आणि कोड पाठवून द्यायचा. साताऱ्याच्या गावशिवारांतून फिरणाऱ्या माणसाला इराणच्या वाळवंटाखालून पाणी आणणाऱ्या कनातींची फिल्म बघायला मिळणं त्या एका ओळीवर अवलंबून असू शकतं.

आणि महोत्सवाची ओळख. इथं नव्याण्णव पानांवर तेच ते लिहिलेलं असतं, 'जगभरातल्या दर्जेदार चित्रपटांना व्यासपीठ मिळवून देणे हा आमचा उद्देश.' या वाक्यात खोटं काही नाही, पण त्यातून कुणाला काही दिसतही नाही. कॅनडातल्या बान्फला १९७६ पासून पर्वतांवरच्या फिल्मचा महोत्सव भरतो, पुण्यात किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव पर्यावरणाचा म्हणून ओळखला जातो. नाव उच्चारलं की डोळ्यांपुढे काहीतरी उभं राहतं. साताऱ्याच्या मित्रांनी असं लिहिलं तर? 'पेरणी, पाणी, कर्ज, बियाणं, बाजार आणि खुरपणाऱ्या बायांचे हात यांच्याविषयीच्या फिल्म आम्हाला हव्या आहेत. शेतकरीच नायक हवा असं नाही. आमचे निम्मे प्रेक्षक शेतातून येतील, म्हणून खेळ संध्याकाळी सातनंतर. फिल्म संपल्यावर ते तुम्हाला प्रश्न विचारतील, आणि प्रश्न फिल्मबद्दल कमी, तुमच्याकडच्या पिकाबद्दल जास्त असतील.' हे वाचून बोगोटातली मुलगी जागची उठेल. तिच्या फिल्ममधल्या आजीच्या कॉफीच्या मळ्याबद्दल जगात कुठंतरी माणसं प्रश्न विचारणार आहेत! पान इंग्रजीतच असणार, पण ते साधं असू द्यावं. बोगोटा आणि सातारा, दोघांचंही इंग्रजी शाळेत शिकलेलं.

फोटोंबद्दल माझा एक हट्ट आहे. दिवे लावलेलं रिकामं सभागृह, हार घातलेले पाहुणे, बक्षिसांची रांग हे नको. अंधारात पडद्याकडे बघणारे चेहरे हवेत. पहिलंच वर्ष असेल तर महोत्सवाआधी एखाद्या गावात चादर बांधून एक फिल्म दाखवावी आणि ते चेहरे टिपावेत. खुर्च्या किती, पडदा केवढा, फिल्म कोणत्या स्वरूपात लागेल, सिनेमागृहात लागते ती डीसीपी हवी की साधी व्हिडिओ फाइल चालेल, इंग्रजी सबटायटल पुरेत की मराठी आम्ही करून घेऊ, हे त्याच्याच शेजारी. शेवटची गोष्ट जमली तर ती ठळक लिहावी. कोलंबियातल्या आजीचं बोलणं साताऱ्यातल्या आजीला वाचता यावं म्हणून कुणीतरी रात्र जागणार आहे, हे दिग्दर्शकाला कळायलाच हवं.

बक्षिसांपाशी एक वनस्पती भेटते. महोत्सवात निवड झालेल्या फिल्मच्या पोस्टरवर दोन वळलेल्या डहाळ्या असतात आणि मधे महोत्सवाचं नाव. या डहाळ्या लॉरेलच्या. प्राचीन ग्रीसमध्ये डेल्फीच्या खेळांत जिंकणाऱ्याला याच पानांचा मुकुट घालत. लॉरेल आपल्या दालचिनीच्या आणि तमालपत्राच्या कुळातलं झाड. अपोलोच्या देवळातून निघालेलं पान अडीच हजार वर्षं प्रवास करून कोपऱ्यातल्या मोबाइल-फिल्मच्या पोस्टरवर येऊन बसतं आणि त्याचं चुलतभावंड त्याच घरात मसालेभातात पडलेलं असतं, याचं मला कितीदाही नवल वाटतं.

आणि म्हणूनच दर महिन्याला पन्नास-साठ 'सर्वोत्कृष्ट' वाटणारे, सभागृह नसलेले, फी तेवढी गोळा करणारे महोत्सव बघून त्रास होतो. त्यांचीही पानं छान सजवलेली असतात. खरा महोत्सव ओळखू यावा म्हणून पानावर जे लागतं, त्यात भपका काहीच नाही. सभागृहाचा पत्ता. परीक्षकांची नावं, त्यांची परवानगी घेऊन. मागच्या वर्षी काय काय दाखवलं त्याची यादी. बक्षिसाची रक्कम, असेल तेवढी; दहा हजार रुपये असतील तर दहा हजार लिहावेत. फिल्मचा कुठला तुकडा, किती सेकंद, प्रसिद्धीसाठी वापरणार आणि महोत्सव संपल्यावर फाइलचं काय करणार, हे नियमांत असावं. काही नियमावल्यांत फिल्मवर कायमचा हक्क सांगणारं वाक्य अगदी तळाशी दडलेलं सापडतं. साताऱ्यानं उलट वाक्य अगदी वर लिहावं, 'फिल्म तुमची आहे आणि तुमचीच राहील.'

तारखांच्या रकान्यात शेवटी एक तारीख भरायची असते, निकाल कळवण्याची. बरेच जण ती घाईत टाकतात. बोगोटाच्या मुलीला यायचं तर व्हिसा लागणार, तिकीट लागणार, म्हणून ही तारीख आणि महोत्सव यांच्यात निदान दोन महिने हवेत. आणि ती तारीख फक्त निवडलेल्यांची नसते. ५०० फिल्म आल्या, ४० घेतल्या, तर ४६० जण त्या दिवशी पत्राची वाट बघत असतात, आपापल्या घड्याळाप्रमाणे, किरिबाटीपासून बेकर बेटापर्यंत पसरलेल्या त्या ५० तासांत. साताऱ्याच्या मित्रांनी त्या आठवड्यात दुसरं काही काम ठेवू नये. ४६० पत्रं लिहावीत, प्रत्येकात फिल्मचं नाव मूळ भाषेतल्या खुणांसकट बरोबर लिहावं, आणि जिथं शक्य असेल तिथं फिल्ममधली एखादी जागा सांगावी, नांगराच्या फाळावर उडालेला चिखल, आजीनं ओंजळीत धरलेली कॉफीची लाल फळं, म्हणजे उघडून वाचणाऱ्याला कळेल की साताऱ्यात कुणीतरी ती शेवटपर्यंत पाहिली होती.